काटा सत्तरवर

३ डिसेंबर

मोठा दिवस. आमच्या साहेबांनी, मस्यू रईफनी, पन्नाशीवरच्या सगळ्यांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. हिशेबातल्या वदीअला कॉफीचा सेट. ड्रायव्हर तन्नूसला ऑलिव्ह तेलाचा डबा. मला क्यूबाचे सिगार, दहा. म्हणाले, "नऊम, हे तुझ्याकडे राहू दे. पुढे निवांत ओढशील." दारापर्यंत सोडायला आले, वर म्हणाले, येईन एकदा कॉफीला.

वदीअला भेट मिळाली. मला ठेव सोपवली. फरक आहे. विमा कंपनीच्या जुन्या फायली इतकी वर्षं सांभाळल्या, माणसाच्या नजरेतून सुटलं नाही. जुनियेच्या शाखेचं काहीतरी चाललंय असं मी जिन्यात ऐकलं होतं. शाखा म्हटलं की प्रमुख आला. मस्यू रईफ घरी येणार, सिगार मागणार, कसे ठेवलेत ते बघणार. ही परीक्षा आहे, न कळायला मी काही वदीअ नाही.

मी स्वतः सिगार ओढत नाही, मळमळतं. शाखाप्रमुख झाल्यावर सवय करीन.

४ डिसेंबर

नेटवर दोन तास वाचलं. सिगारला हवेत सत्तर टक्के ओलावा लागतो. कमी झाला तर पान तडकतं, जास्त झाला तर बुरशी. त्यासाठी खास पेटी मिळते, ह्यूमिडॉर. एवढं वाचून बैरूतमध्ये माझ्याइतका जाणकार आता फारसा कोणी नसावा.

नुहाद बार्बाराच्या सणाचे गोड गहू ढवळत होती. तिला समजावून सांगितलं. म्हणे मक्दूसची मोठी बरणी रिकामी आहे, झाकण घट्ट बसतं, घाल त्यात आणि वर ओला स्पंज ठेव. वांग्याच्या बरणीत. ही शाखाप्रमुखाची बायको होणार. मी गहू पांचट झालेत एवढंच सांगितलं.

७ डिसेंबर

अश्रफियेतल्या भारी दुकानात गेलो. अक्रोडाची पेटी, आत शिसवीचे कप्पे. किंमत ऐकून म्हटलं, विचार करून येतो. सेल्समन म्हणाला जरूर, आणि मी दाराबाहेर पडायच्या आत त्याने कपाटातला दिवा मालवला.

विजेवर चालणारीही एक होती, छोट्या फ्रिजसारखी. घरी आमच्याकडे जनरेटरची वीज, तीही पाचच अँपिअर. ती चालवायची तर फ्रिज बंद करावा लागेल. नुहादला विचारलं. तिने फ्रिजचं दार उघडून मला आतलं मटण दाखवलं आणि दार लावलं. चर्चा नाहीच या घरात.

१० डिसेंबर

मिळाली. बुर्ज हम्मूदला वारुजानच्या दुकानात. घड्याळं, इस्त्र्या, उंदरांचे पिंजरे, आणि वरच्या फळीवर पाच ह्यूमिडॉर. तपकिरी, चकचकीत, पुढच्या बाजूला ओलावा दाखवणारी गोल तबकडी आणि सोनेरी काटा. वारुजान म्हणाला, "हा पेटी, खवाजा, राजा लोक घेते." आर्मेनियन माणूस, व्याकरण तसंच, पण पारख असते त्यांना.

काटा दुकानातच सत्तरवर होता. पाचही पेट्यांचे काटे सत्तरवर. क्वालिटी कंट्रोल म्हणतात तो हा.

झाकण बसल्यावर फटीत व्हिजिटिंग कार्ड जातं. हवा खेळती राहते.

नेटवर एक जण लिहितो, घरी आल्यावर काट्याची मिठाने चाचणी घ्या. मिठाची वाटी घेऊन यंत्रावर संशय घेणारी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत.

११ डिसेंबर

पेटीला थंड खोली हवी. उत्तरेकडची एकच, तेताची. तेता म्हणजे माझी सासू, ऐंशी पार, खोलीत एकटी झोपते आणि हीटर मात्र एकटीसाठी लावते. मी मरियमेची मूर्ती फ्रिजवर हलवली, तिच्या जागी पेटी ठेवली, हीटर पॅसेजमध्ये आणला. गरम हवेने पान सुकतं.

तेता पलंगावरून बघत होती. म्हणाली, "जावईबुवा, मलाही त्या पेटीत ठेवा. सत्तर टक्के तरी मिळेल."

म्हातारीला विनोद सुचतात म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

१५ डिसेंबर

एक गंभीर बाब. सिगार आसपासचा वास ओढून घेतो, आणि तेता रोज दुपारी बाल्कनीत हुक्का ओढते. ती आजकालच्या पोरींसारखा सफरचंदाच्या वासाचा मसाला ओढत नाही. काळी अख्खी पानं पाण्यात भिजवायची, धुवायची, घट्ट पिळायची, मातीच्या चिलमीवर गुंडाळायची, वर निखारा. लग्न झाल्यापासून बघतोय. हात काळे होतात, पडदे काळे होतात.

ती चर्चला गेली तेव्हा तंबाखूचं अख्खं पाकीट कचऱ्यात टाकलं. आल्यावर शोधत होती. सांगितलं, मीच संपलेलं बघून फेकलं, आणि दुकानदाराकडे माल नाही, बंदरात अडकलाय. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग थंड हुक्का पुढे घेऊन दुपारभर बाल्कनीत बसली. माणसं नाटकं किती करतात.

काटा सत्तरवर.

१९ डिसेंबर

ऑफिसात मला सेक्रेटरी दिली. नाव मीरेय, पोरगी हुशार आहे. माझं सगळं काम शिकून घेते, कुठली फाइल कुठे, किल्ल्या कुठे, सगळं लिहून घेते. माझं टेबल तिला दिलं, मला झेरॉक्स मशीनपाशी बसवलं. तिथे सगळं ऑफिस येऊन जातं. माणसांत ठेवताहेत मला, प्रमुखाला ते लागतं.

वदीअ जेवताना म्हणाला, "नऊम, आपल्याला काढताहेत रे." त्याला कॉफीचा सेट झोंबलाय.

२७ डिसेंबर

मस्यू रईफना नाताळच्या शुभेच्छांचा फोन केला. सिगार उत्तम आहेत म्हटलं. ते म्हणाले, कुठले सिगार? मुरलेला माणूस. मीही हसलो.

तेताला खोकला. मुद्दाम रात्रीच खोकते असं माझं निरीक्षण आहे. नुहादने हीटर परत आत नेला. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी बाहेर आणला. दिवसातून तीन-चार वेळा हे चालतं. संसारात थोडी तडजोड करावी लागते.

३ जानेवारी

पेटीतल्या स्पंजसाठी आणलेलं डिस्टिल्ड पाणी संपलं. दुकानं बंद. डोकं चालवलं. नारिंगीच्या फुलांचं पाणी घरात आहेच, आणि ते तरी कसं काढतात? वाफेवर, म्हणजे डिस्टिल्डच. शिवाय सुगंध. हे क्यूबावाल्यांना सुचलं नसणार. अर्धी बाटली ओतली.

नुहाद ओरडत होती, ते पाणी गतासच्या सणाच्या मिठाईसाठी होतं. तिला वाटतं घरात फक्त मिठाईच महत्त्वाची.

६ जानेवारी

काल गतासची, ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या सणाची, रात्र होती. मध्यरात्री ख्रिस्त घरावरून जातो म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, डाळी-पिठाच्या बरण्या उघडून ढवळायच्या, म्हणजे वर्षभर काही सरत नाही. तेता आणि नुहाद दरवर्षी करतात. माझा विश्वास नाही, मी आधुनिक माणूस आहे.

तरी पेटीचं झाकण उघडं ठेवलं. बरण्यांना मिळणार असेल तर सिगारला का नको. तेताच्या खोलीची खिडकीही सताड उघडली, आशीर्वाद थेट आत यावा म्हणून, आणि ती सकाळपर्यंत तशीच राहिली. बाहेर पाऊस होता. सकाळी पडदे, उशी, पेटी, सगळं दमट. तेताला कापरं भरलं होतं.

काटा मात्र सत्तरवर, तसूभर हललेला नाही. दैवी पेटी आहे.

१४ जानेवारी

आनंदाची बातमी. पेटी उघडली तर सिगारवर पांढरी नाजूक लव. नेटवर वाचलंय, उत्तम सिगार मुरला की त्यावर असा बहर येतो. लोक वीस-वीस वर्षं वाट बघतात. मला महिन्यात आला. जरा निळसर आहे, पण ते नारिंगीच्या पाण्यामुळे.

नुहादला दाखवला. तिने नाक धरलं. म्हणाली बुरशी आहे. ज्या बाईने जन्मात फक्त चीज बघितलं तिला दुसरं काय दिसणार. आता मस्यू रईफ येईपर्यंत पेटी उघडायची नाही. मुरू दे.

२० जानेवारी

डॉक्टर परवा येऊन गेला. तेताच्या छातीत कफ भरलाय, खोली गरम ठेवा म्हणाला. मी मधला मार्ग काढला. हीटर पॅसेजमध्येच, पण दार किलकिलं. वर माझा जुना ओव्हरकोट तिच्या अंगावर टाकला. कोणता जावई इतकं करतो?

नुहाद दारात उभी राहिली. आवाज चढवला नाही. "नऊम, आई थरथरतेय. पेटी थरथरत नाही."

मी म्हटलं, त्याचं श्रेय मला आहे. ती हीटर उचलून आत घेऊन गेली आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली. दोन दिवस उठलेली नाही. जेवण मी बाहेरून आणतोय, त्याचा खर्च कोणी विचारत नाही.

२४ जानेवारी

मस्यू रईफचा फोन. स्वतःहून केला. शनिवारी घरी येतो म्हणाले, काही कागदांवर सही हवीय, महिना संपायच्या आत. माझी सही घ्यायला माझ्या घरी येतात. वदीअला ऑफिसातच बोलावलंय, उभ्या उभ्या.

जुनियेत घर बघायला हवं. समुद्राकडचं. दोनच खोल्यांचं घेईन, म्हणजे तेताला तिच्या मुलाकडे पाठवता येईल.

२८ जानेवारी, सकाळ

सूट इस्त्री. कॉफी, पिस्त्याची मिठाई. पेटी हॉलमध्ये टेबलाच्या मधोमध आणून ठेवली. हलकी वाटली. मुरलेला माल हलका होतो. काटा सत्तरवर.

तेता बरी आहे. आठवडाभर दुपारी बाल्कनीत उन्हाला बसते. बाल्कनीतून गुडगुड ऐकू येते, छातीतला कफ असावा.

२८ जानेवारी, संध्याकाळ

आले. कॉफी झाली. मी उभा राहिलो, दोन शब्द बोललो, विश्वास, ठेव वगैरे. झाकण उघडलं.

आत दहा कागदी पट्ट्या. सिगारच्या कमरेला असतात त्या, सोनेरी, सुबक रांगेत मांडलेल्या. बाकी काही नाही.

मस्यू रईफ पेटीत बघतच नव्हते. नाक वर करून बाल्कनीकडे बघत होते. "हा वास कसला? आमच्या आजोबांच्या घरी यायचा."

बाल्कनीत तेता. हुक्का पेटलेला. म्हणाली, "याने चांगली पानं दमट ठेवून कुजवायला घातली होती. मी सोडवली, दोन पाण्यांनी धुतली, पिळली. माझा तंबाखू बंदरात अडकलाय ना, जावईबुवांनी सांगितलंय."

मस्यू रईफ स्टूल ओढून तिच्यापाशी बसले. नळी हातात घेतली. डोळे मिटून ओढली. मी सांगू लागलो, की हे तुमचेच सिगार, क्यूबाचे, तुम्ही माझ्यावर सोपवलेले. ते म्हणाले, "अरे, ते होय? कोणा क्लायंटने दिलेले. मला सिगारचा वासही सहन होत नाही. उन्हाळाभर गाडीच्या डिकीत पडून होते. म्हटलं नऊमला देऊ, त्याला आता वेळच वेळ असणार."

मग कागद काढले. जुनियेची शाखा उघडत नाहीये, बंद होतेय. पन्नाशीवरचे सगळे या महिनाअखेर घरी. माझं काम मीरेय बघेल. पेन त्यांनीच दिलं. सही करताना टेबल म्हणून पेटी वापरली, दुसरं काही जवळ नव्हतं.

तासभर बसले, तेतापाशी. निघताना वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. मी हात पुढे केला होता, पण त्यांचे दोन्ही हात कोट घालण्यात गुंतलेले. जिन्यातून म्हणाले, येईन एकदा कॉफीला.

नुहादने कप उचलले. माझा अजून भरलेला होता, तोही उचलला.

२ फेब्रुवारी

कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने एक पार्सल आणून दिलं. मस्यू रईफकडून. दारात मीच होतो, घाईघाईने फोडलं. आत काळ्या पानांचा उत्तम तंबाखू, वर चिठ्ठी, तेताच्या नावाची.

तेताने तो मक्दूसच्या बरणीत भरला. झाकण घट्ट बसतं म्हणे. तिचा पलंग आता आमच्या खोलीत, नुहादशेजारी, हीटरजवळ. मरियमेची मूर्तीही तिथेच. मला उत्तरेकडची खोली. पेटी माझ्या उशाशी, मोजे ठेवायला दिलीय.

थंडी आहे. जुना ओव्हरकोट मागितला तर तो तेताला आवडलाय असं कळलं. हीटर थोडा वेळ मिळेल का विचारलं. नुहाद भिंतीपलीकडून म्हणाली, गरम हवेने पान सुकतं.

मग तेताचा आवाज आला. "जावईबुवा, सत्तर टक्के मिळतंय ना?"

काट्याकडे पाहिलं. मिळतंय.