पाण्याचं कारण

३ नोव्हेंबर, सोमवार
पाळणाघर बंद ठेवलं. दारावर पाटी लावली, पाण्याची अडचण आहे, सुरू झालं की कळवू. आईवडिलांच्या ग्रुपवर पण तेच टाकलं. पाणी भरपूर आहे.
शनिवारी पौडच्या दवाखान्यातून फोन आला. यांना टीबी निघालाय. गणपतीपासून खोकत होते, मी म्हणायचे धुळीचा खोकला. घोटावड्यात धुळीला काय तोटा. आणि दुपारभर पोरं यांच्याच अंगाखांद्यावर. इरा तर यांच्या छातीवर पडल्याशिवाय झोपायची नाही. दीड वर्षाची पोर.
हे लिहितानासुद्धा दाराला कडी लावलीय.

४ नोव्हें.
सोनूचे वडील पाटी वाचून थांबले. बिहारकडचे, नवराबायको दोघं इथल्याच कंपनीत. "चाची, पिछले हफ़्ते ही तो पूरे महीने का दिया. बंद है तो आधा लौटा दो." म्हटलं, दो-चार दिन में चालू होगा. परत द्यायला आहेत कुठं. किराणा भरला, यांच्या तपासण्या झाल्या.
आतून खोकला आला नाही. नंतर जाऊन पाहिलं तर हे उशीत तोंड खुपसून पडलेले. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मी सांगितलं नव्हतं तसं.

६ नोव्हें.
इराच्या आईचा, पल्लवीचा मेसेज. हिंजवडीला कंपनीत आहे, सध्या घरून काम करतेय पोरीला मांडीवर घेऊन. "काकू, बंद असलं तरी फी पाठवतेय. इराची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका. तिला तुमच्याशिवाय कुणी चालत नाही."
पैसे आले पण. लगेच परत पाठवावेत म्हणून फोन उचलला. मग काय कारण सांगू? ठेवून दिला.
जेवण नाही गेलं.

७ नोव्हें.
आशाताई आली, गावातलीच. यांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. मलाही पौडला छातीचा फोटो काढायला जायचंय. मग मला म्हणाली, "वैनी, तुमच्याकडं बारकी पोरं येत्यात न्हवं?"
"बंद केलंय."
"आत्ता केलं. आदी येत हुती. त्या समद्यांची तपासणी लागती. नावं द्या."
म्हटलं, उद्या देते.
"उद्यावर नगा टाकू. मोठ्या मानसाला दम निघतो. बारक्यांचं लई लवकर वाढतं."
"सांगितलं तर परत एक पोर यायचं नाही माझ्याकडं."
ती म्हणाली, "ते हाय."
नावं न घेताच गेली, उद्या परत येणार.

८ नोव्हें.
आशाताई आली तेव्हा मी मागच्या दाराने शेजारी जाऊन बसले. पन्नाशीची बाई मी.
परत आले तर हे म्हणाले, "इरा खोकत होती दिवाळीच्या आधी. आठवतं तुला?"
"सर्दी होती ती."
"सर्दी असंल." मग भिंतीकडे वळले.
आठवतं मला. मीच तिला वाफ दिली होती.

१० नोव्हें., सोमवार
सकाळी सोनूची आई आली, सोनू कडेवर. आठवडाभर खाडा झाला म्हणून सुपरवायझरने तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं. रडली नाही. "चाची, पानी कब आएगा?" एवढंच विचारलं.
तिला सांगितलं सगळं. पदर तोंडावर धरून, उंबऱ्याच्या आतूनच. कसं बोलले माहीत नाही. ती पायरीवर बसली. सोनूची छाती दाबून बघितली, पाठ बघितली. पैशाचं नावसुद्धा काढलं नाही तिने. ते फार लागलं.
मग आशाताईला फोन करून नावं दिली. मग एकेका आईला फोन. पल्लवीला शेवटी.
ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"
"एक तारखेला."
"मी फी पाठवली त्याच्या आधी."
"हो."
"आणि तुम्ही घेतलीत."
फोन कट. पैसे परत पाठवले.

१२ नोव्हें.
पोरांची तपासणी होती. हे म्हणाले तू जाऊ नको, लोक काय वाट्टेल ते बोलतील. तरी मी गेले. तोंडाला मास्क, लांब कोपऱ्यात उभी. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं.
इराने मला ओळखलं. आईच्या खांद्यावरून दोन्ही हात पुढे केले. मी मागे सरकले तर रडायला लागली. पल्लवीने तिचं तोंड दुसरीकडे वळवलं.
हातावर टीबीच्या टेस्टचं इंजेक्शन दिलंय पोरांना. छातीचा फोटो एकट्या इराचा काढला. का, ते मी विचारायचं कुणाला?
हात दाखवायला पोरांना शुक्रवारी परत बोलावलंय.