तुरीच्या डाळीचा पिवळा

लातूर, चैत्र वद्य तृतीया

लातूर जिल्हा झालं, हे आमच्या नळाला अजून कळलेलं नाही. टँकरचं पाणी हातून सांडेल या धास्तीने, नजर अधू झालेल्या आईने स्वयंपाकघरात जाणंच सोडलं होतं. रंगकाम निघालं तेव्हा मी श्वेतवर्ण सुचवला. सात्त्विक! माझ्या वऱ्हाडी बायकोने काळ्या ओट्यावर मूठमूठ डाळी मांडल्या आणि आईला हात धरून तिथे आणलं.

"आत्याबाई, कोणती दिसून राहिली?"

"तुरीची. बाकी समदी मातीच हाय."

म्हणून भिंती गडद हिरव्या, पिवळं उठून दिसावं अशा. फळ्यांच्या कडा आणि रांजणाचा गळा तुरीच्या डाळीचा पिवळा. मी हसलो होतो.

आज संध्याकाळी आईने न चाचपडता रांजणातून तांब्या भरला. थेंब सांडला नाही. माझ्यापुढे धरून म्हणाली, "घे रे, तुझं सात्त्विक."

प्यायचं राहूनच गेलं. मी त्या पिवळ्या गळ्याकडे बघत होतो.