नाकाची नोकरी

अण्णा, मला वास येत नाही. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, घरात यांनाही नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा तुमच्याकडून बाहेर फुटायची भीती नाही. आज रविवार. हे जेवून आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसलेय. उद्या सकाळी दहाला इथं हुबळीत गोकुळ रोडवरच्या गोदामात अकरा नंबरच्या पिंपातली व्हिस्की बाटल्यांत भरायला घेणार आहेत. ते पिंप चांगलं आहे असं म्हणणारी सही माझी आहे. आणि ते चांगलं आहे की नाही, हे मला माहीत नाही.

व्हिस्की हा शब्द ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असणार. तुम्ही आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नाहीत आणि तुमची लेक साठीला टेकल्यावर दारू चाखायच्या नोकरीला लागली. औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्यातली पहिली तुम्हाला ठाऊक आहेत. तिथून निवृत्त झाल्यावर मी लोणची घालत बसणार होते. पण हा नवनगरचा मनुष्य घरी आला. पस्तिशीचा, कानडी, मराठी आपल्यासारखंच बोलणारा. तो दारू गाळत नाही. दुसऱ्यांनी गाळून लाकडी पिंपांत मुरत ठेवलेली व्हिस्की तो एकेक पिंप निवडून विकत घेतो, एकात दुसरं मिसळत नाही, रंग घालत नाही, आणि स्वतःचं लेबल लावून बाटल्या भरतो. आपल्या इकडं एखादा दुसऱ्याच्या बागेतल्या एकाच झाडाचे आंबे उतरवून घेतो आणि पेटीवर त्या झाडाचं नाव टाकतो, तसंच म्हणा ना. झाड चुकलं की पेटी बोंबलली. म्हणून त्याला नाक हवं होतं. कारखान्यातल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की अमक्या बाई बाटलीचं बूच न काढता वास सांगतात. ही थाप होती, पण मला आवडली.

आणि मी पीत नाही हो, थुंकते. सकाळी अकराला सहा लहान पेले मांडतात, एकात नव्या पिंपातली, बाकी पाचांत ताडून बघायला जुनी, वर वाटोळी काच झाकलेली. काच सरकवायची, हुंगायचं, मग थोडं पाणी घालून पुन्हा हुंगायचं, घोटभर तोंडात फिरवून बादलीत टाकायचं आणि लिहायचं. त्या दिवशी घरात उदबत्ती नाही, केसांत अबोली चालते पण मोगरा नाही, आणि अकरापर्यंत फोडणी नाही. यांच्या नाकाला त्यानंच मिरच्या झोंबतात. "धारवाडात जन्मलो, कोर्टात नोकरी केली, आणि म्हातारपणी बायकोच्या व्हिस्कीपायी बिनफोडणीचा दहीभात खातो," असं येईल त्याला सांगतात. मी हसते. गेले कित्येक महिने ती फोडणी बंद ठेवायचं काही कारण उरलेलं नाही, तरी बंद ठेवते. फोडणी सुरू केली तर का म्हणून विचारतील.

दसऱ्याच्या आठवड्यात ताप आला होता. साधा, चार दिवसांचा. पाचव्या दिवशी कॉफीचा कप तोंडाजवळ नेला तर नुसतं गरम पाणी. मला वाटलं सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली. नंतर थोडंसं काहीतरी परत आलं पण ते वेडंवाकडं. कॉफीला जळक्या रबराचा वास, कोथिंबिरीला साबणाचा, बाकी सगळं मुकं. डॉक्टरकडे गेले नाही. डॉक्टर आमच्याच गल्लीतला, त्याची बायको आमच्या भजनी मंडळात. शिवाय मला वाटत होतं की उद्या उठेन आणि आलेला असेल. आत्तासुद्धा इतकं लिहून झाल्यावर उठून हिंगाची डबी उघडून आले. काही नाही, अण्णा. हिंगाचासुद्धा नाही.

तुम्ही विचाराल, मग इतके दिवस लिहिलं काय? तेच तर सांगायला जीभ रेटत नाही. प्रत्येक पिंपाबरोबर एक कागद येतो. पिंप कुठल्या लाकडाचं, त्यात आधी काय भरलेलं होतं, किती वर्षं मुरलं. अमेरिकी दारूचं पिंप असेल तर व्हॅनिला आणि सुकं खोबरं, द्राक्षाच्या दारूचं असेल तर मनुका आणि खजूर, हे मला तोंडपाठ आहे. दसऱ्यानंतर, संक्रांतीच्या आत, तीन पिंपांचं असंच लिहिलं. कागद वाचला, पेला हुंगल्यासारखं केलं, डोळे मिटले, थोडा वेळ जाऊ दिला आणि लिहिलं. तिन्ही बाटल्यांत भरली गेली, लेबलावर माझी वाक्यं छापली, आणि बेंगळुरूहून लोकांनी कळवलं की अगदी लिहिलंय तसंच लागतं! "अक्का, बरोब्बर!" म्हणून हा मनुष्य माझ्या पाया पडायचा बाकी राहिला होता. मी घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. मग जेवले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगितलं.

पण गुरुवारी अकरा नंबर आलं. तिथं पेले धुवायला एक बाई येते, अळणावरकडच्या खेड्यातली, सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं जाणारी. दारूला कधी शिवली नसेल. मी लिहून झाल्यावर पेले उचलताना ती अकराच्या पेल्याशी थांबली. म्हणाली, "बाई, ह्या पेल्याला भिजल्या पोत्याचा वास मारतोय बघा. पावसात सुतळीचं पोतं कुजतंय न्हवं, तसा."

मी तशीच उठले. कारण तो वास मी ओळखते, म्हणजे ओळखत होते. लाकडाला आतून बुरशी धरली की तसाच येतो, आणि मग त्या पिंपातलं काही कामाचं राहत नाही. मी पेला परत उचलून हुंगला, एकदा, दोनदा, तिच्यादेखत. काही नाही. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "तुला त्यातलं काय कळतंय गं? तू पेले धू."

"व्हय बाई," म्हणाली. बाकीचे पाच तिनं एकेकदा धुतले आणि तो एक तीनदा धुतला. मी तिच्या पाठीशी उभी राहून बघत होते. मग आत गेले आणि सही केली. खोबरं, व्हॅनिला, शेवटी हलका बडीशेपेचा गोडवा. बडीशेप मी मनाची घातली, जरा वेगळं वाटावं म्हणून.

तेव्हापासून झोप नाही. फोन वाजला की वाटतं तिनं सांगितलं. ती कशाला सांगेल? तिला मी गप्प बसवलंय. ते आठवलं की आणखी वाईट वाटतं.

तुम्ही मला असं एकदा पकडलं होतंत. मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते आणि प्रॅक्टिकल घ्यायला तुम्हीच होतात. कॉलेजात सगळ्यांना माहीत असायचं की सात नंबरच्या बाटलीत अ‍ॅसिटेट असतं. वरच्या वर्गातून ती यादी खाली यायची. मला सात नंबर आला. मी उत्तर आधी लिहिलं आणि निरीक्षणं मागून बसवली: विरळ आम्ल घातल्यावर व्हिनेगरसारखा वास आला. त्या वर्षी तुम्ही सुट्टीत सगळ्या बाटल्या बदलल्या होत्या. सातमध्ये कार्बोनेट होतं, त्याला वास कसला येतोय. तुम्ही माझी वही वाचता, परीक्षानळी माझ्या हातातून घेता, नाकाशी धरता, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणता, "मला येत नाही बुवा. तुला आला?" मी मान खाली घालून उभी आहे. कुणीतरी मागं खुदकन हसतं. घरी तुम्ही रागावला नाहीत. जेवताना एवढंच म्हणालात, "वास आला नाही, असं लिहायला लाज कसली गं? ते पण निरीक्षणच की." मी ताटावरून उठून गेले होते. आईनं तुम्हाला चांगलं फैलावर घेतलं होतं, "पोरीचं नाक चारचौघांत कापायचं काय नडलं होतं तुमचं?"

ते वाक्य मी पुढं तीस वर्षं कारखान्यातल्या पोरापोरींना ऐकवलं. आता मात्र मला तुमच्याशी भांडायचंय. गुरुवारपासून माझ्या डोक्यात एक दिवस फिरतोय. तुमच्या शेवटच्या वर्षातला. मी हुबळीहून तुमच्याकडे धारवाडला आले होते, आई देवळात गेली होती. फाटकातच करपलेल्या दुधाचा वास आला. धावत आत गेले तर पातेलं काळं पडलंय, घरभर तोच दर्प, आणि तुम्ही शेगडीपासून दोन हातांवर खुर्चीत पेपर वाचताय. "पेपरात गुंग झालो गं," म्हणालात. मी विश्वास ठेवला. त्याच वर्षी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून आईला आधी विचारायचा, "आज काय केलीस?" ती सांगायची, भरली वांगी. मग तुम्ही आत येऊन मोठा श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "वा, वांग्याचा काय वास सुटलाय!" आई खूश व्हायची.

अण्णा, तुम्हालाही येत नव्हता ना?

मला परवापर्यंत हे सुचलं नव्हतं. सुचलं तेव्हा आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मला वर्गात उभं केलंत आणि स्वतः घरात उत्तर आधी विचारून घेत होतात. मग रडू आलं. त्या खुर्चीत बसून तुम्ही किती घाबरला असाल, आणि मी काळ्या पातेल्यावरून तुम्हालाच बोलले होते. पण तुमच्या थापेनं कुणाचं काही बिघडत नव्हतं, आईला बरंच वाटत होतं. माझ्या थापेनं उद्या दहाला एक अख्खं पिंप बाटल्यांत जाणार आहे, त्या माणसाच्या नावानं. साडेतीन वाजले. मी जाऊन येते.

आले. सात वाजलेत. यांना सांगितलं की भाजीला गेले होते, आणि भाजी न घेता आले. यांनी रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि ती उचलून खुंटीला अडकवली.

नवनगरला त्याच्या घरी कधी गेले नव्हते. दार त्यानंच उघडलं. "याक अक्का, का बरं रविवारी आलात? फोन करायचा की!" आत नेलं, पंखा लावला, त्याच्या आईनं पोह्यांची अवलक्की आणून ठेवली. मी बशी हातात धरून बसले. कितीतरी वेळ त्या बशीचीच चौकशी करत होते, कुठं घेतली, किती छान आहे. मग एकदम म्हणाले, "उद्याचं थांबवा. अकराला बुरशीचा वास आहे. मला नाही आला, पेले धुणाऱ्या बाईला आला. तिचं खरं आहे. मला कशाचाच वास येत नाही."

त्याला आधी चेष्टा वाटली. "सर्दी झालीय, अक्का?"

"नाही. गेलाय."

तो खाली बसला. मग हळूच विचारलं, "यावागिंद?" कधीपासून. मी सांगितलं. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मोठा श्वास सोडला. "म्हणजे एवढं एकच पिंप. ते तर अजून बाटल्यांत भरलंच नाही. वाचलो की, अक्का!" लगेच फोन करून उद्याचं काम रद्द केलं. मी म्हटलं, त्या बाईला आता पेले धुवायला लावू नका, हुंगायला बसवा, ती सांगेल आणि मी लिहीन, आणि तिची मी माफी मागणार आहे. तो हो म्हणाला. दारापर्यंत सोडायला आला, चपला घालताना माझा हात धरला आणि म्हणाला, "दुसरं कुणी असतं तर सांगितलं नसतं बघा. तुमच्यासारखं खरं माणूस मला मिळणार नाही."

रिक्षात बसले, आमचं विद्यानगर येईपर्यंत मी बाहेर बघत होते. आनंद व्हायला हवा होता. त्यानं कधीपासून म्हणून विचारलं तेव्हा मी संक्रांतीपासून म्हणाले, अण्णा. दसऱ्यापासून म्हणाले नाही.