बाथरूमच्या दोन दांड्या

प्रिय फैझल,

खूप खूप दुवा. फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस, मी बरी आहे. सोमवारी प्लास्टर निघालं. मनगट अजून आखडतं, त्यामुळे अक्षर वाकडं येईल. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवताना मुलांच्या अक्षराला नावं ठेवली, आता माझं तू मुकाट्यानं वाचून घे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, कायम कुठल्या तरी मीटिंगला निघालेला असतोस. पत्र मधेच कापता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी आपलं काय ठरलं होतं ते लिहिते. मी बाथरूममध्ये घसरले, मनगट मोडलं, तू हैदराबादहून धावत आलास आणि आल्या आल्या माझी बॅग भरायला घेतलीस. मी साफ नाही म्हटलं. दोन दिवस आपण भांडलो. शेवटी तोडगा तूच काढलास. भिंतीला धरायला स्टीलच्या दोन दांड्या बसवायच्या. प्लास्टर निघेपर्यंत त्या बसल्या तर मी कसब्यातच राहायचं, नाही तर घराला कुलूप लावून तुझ्याकडे यायचं. मी कबूल झाले. दांड्या तू तुझ्याच फोनवरून मागवल्यास. मला त्यातलं कळत नाही, लोक फसवतात, असं तुझं म्हणणं.

पार्सल चार दिवसांत येणार होतं. आठवडा उलटल्यावर तू म्हणालास, उशीर होतोय. नंतर म्हणालास, त्यांना गल्ली सापडत नाही. चौथ्या आठवड्यात कळवलंस, दार बंद होतं म्हणून माणूस परत गेला. दार बंद? अरे, एक हात गळ्यात बांधलेली बाई जाणार होती कुठे? आणि इतकी वर्षं बाहेर राहून तू एक गोष्ट विसरलास. आपल्याकडे पार्सलवाला दारापर्यंत येतच नाही. गल्लीच्या तोंडाशी सीताराम इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली सगळ्यांची पार्सलं ठेवतो, आणि सीताराम इस्त्रीच्या कपड्यांबरोबर ती घरोघर पोहोचवतो. मी त्याला विचारलं तर तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, बाई, तो माणूस रोज येतो, मुक्ताईकाकूंचा कुकरसुद्धा काल आला, तुमच्या नावाचं काही आलं असतं तर मी काय डोक्याखाली घेऊन झोपलो असतो?

मग मी रिक्षा केली आणि थेट येरवड्याला पार्सल कंपनीच्या गोदामात गेले. पार्सलचा नंबर तू पहिल्याच दिवशी पाठवला होतास. काउंटरवर चैताली नावाची मुलगी होती. आधी म्हणाली, आजी, इथे चौकशी होत नाही, ॲपवर तक्रार टाका. मी तिला सांगितलं, तक्रार टाकायला मी आलेच आहे, आता बसायला खुर्ची दे. दिली. पाऊण तासानं तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. त्यावर काय होतं ते सांगते, पण आधी दांड्यांचं ऐक.

परतताना मी रिक्षा बोहरी आळीत थांबवली. दहा मिनिटांत दांड्या घेतल्या, तू निवडल्या होत्यास त्यांच्याहून जाड. संध्याकाळी शंभू प्लंबरनं ड्रिल आणून त्या बसवल्या, एक कमोडशेजारी, एक नळापाशी. प्लास्टर निघायला तेव्हा तीन दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी मी चांगल्या हातानं धरून सगळं अंग त्यांच्यावर टाकून पाहिलं. जराही हलल्या नाहीत. तेव्हा अट पुरी झाली आहे, आणि मी इथेच राहणार आहे. माझं तिकीट काढलं असशील तर रद्द कर.

रद्द करणं तुला चांगलं जमतं, हे मला येरवड्याला कळलं. पार्सल चौथ्या दिवशीच पुण्यात पोहोचलं होतं. गाडीत चढवायच्या आधी ऑर्डर तुझ्या फोनवरून रद्द झाली आणि दांड्या आल्या वाटेनं परत गेल्या. पुढचे चार आठवडे तू मला जे जे सांगत होतास, ते सगळं बनवलेलं होतं. त्या पोरीसमोर मी हसून म्हटलं की मुलाच्या हातून चुकून दाबलं गेलं असेल. रिक्षात मात्र मला रडू आलं. तू असं का केलंस ते मला ठाऊक आहे. घसरले त्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत फरशीवर पडून होते आणि तू फोन करत होतास. उचलायला कोणी नव्हतं. ती भीती तुझ्या मनातून गेलेली नाही. पण ती मला सांगायची होतीस ना रे! अम्मी, मला भीती वाटते, एवढंच म्हणाला असतास. मी तरीही आले नसते. पण तुला रात्रभर बोलू दिलं असतं, आणि एकदाही मध्ये तोडलं नसतं.

तुझीच, आणि पत्ता तोच,
अम्मी