केरसुणीवरचं कुंकू

प्रिय साधनावहिनी,

घर झाडून-पुसून लख्ख ठेवणाऱ्या तुझ्या-माझ्यासारख्या साऱ्या बायकांची एकच तक्रार आहे: आपलं काम कुणाला दिसत नाही, दिसतो तो राहिलेला कचरा. सभांमधून हे सांगता सांगता माझा घसा बसला. तू मात्र न बोलता ते जलरंगात उतरवलंस. चेपलेली बादली, सांडशी, कणकेची परात. आणि आता त्यातलंच सर्वांत चांगलं चित्र फाडायला निघालीस?

आमच्या मंडळाच्या प्रदर्शनावरून केदारदादाचा फोन आला होता. म्हणे, "भटजीच्या घरचा झाडू अमरावतीत टांगून राहिल्या का तुमी? गणपती काढ म्हटलं तिले." मी त्याला काय सुनावलं, ते तो तुला सांगणार नाही.

तू पाठवलेला त्या केरसुणीच्या चित्राचा फोटो मी मोठा करून पाहिला. शिंदीचा वाळका पिवळा रंग, मुठीशी काळवंडलेली दोरी, आणि मधेमधे कोरा सोडलेला कागद. खिडकीतला उजेडच तो. केरसुणी एका अंगानं झिजलेली. आई डावरी आहे, हे दादाला विचारलं तर आठवणार नाही. तू ते रंगवलंस.

चित्र जमिनीवर सुकत होतं. आईनं आपली केरसुणी ओळखली आणि लक्ष्मीपूजनाला लावते तसं ओल्या बोटानं कुंकू लावलं. ते पसरत मुठीपर्यंत गेलं. तू किंचाळलीस, ते बरोबरच होतं. तेव्हापासून दोघी एका घरात मुक्या. तुझा राग मला मान्य आहे. फाडणं मान्य नाही. चित्राला वाहवा म्हणणारे पुष्कळ मिळतील गं. त्याची पूजा कोण करतं?

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आमच्या मंडळातला संघपाल अकोल्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. मूर्तिजापूरला मामांकडे जाते म्हणून निघालेली आई तिथे उतरलीच नाही. ती माझ्याकडे आहे. सकाळपासून डाव्या हातानं माझं घर झाडते आहे, आणि मधेच थांबून विचारते, "पोरीचं चित्र मी नासवलं का वं?" याचं उत्तर मी देऊ शकत नाही. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मधल्या भिंतीवर खिळा ठोकून घेतला आहे. रविवारी तेच चित्र, त्या कुंकवासकट, घेऊन ये आणि टांगायला आईच्या हातात दे.

तुझीच,
देवश्री