काच-मार्जनाचा महासंकल्प

१ जून, सकाळी ७.१०
आमच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीची दर्शनी काच पुन्हा हिरवी. परवाच पुसली होती. निसर्ग माझ्याशी वैयक्तिक आकसाने वागतो, याची नोंद असावी. आजपासून प्रतिदिन पाच मिनिटे काच-मार्जन. अपवाद नाही.

४ जून
तीन दिवस अपवाद झाला. कारणे: कार्यालयीन व्याप, आखडलेली मान, आणि तिसरे आत्ता आठवत नाही, पण सबळ होते.

५ जून, सायंकाळी
सौभाग्यवती म्हणाली, अहो, यात मासे आहेत असं मला आठवतंय, पण शपथेवर सांगणार नाही. तिचा दंतवैद्य भाऊ चहा पीत बसला होता. म्हणाला, दाजी, माझ्या वेटिंग रूममध्ये द्या, पेशंट निदान पळून तरी जाणार नाहीत. तिने तत्क्षणी निकाल दिला: तीस तारखेपर्यंत काच स्वच्छ, नाहीतर पेटी दवाखान्यात.
ते दोन केशरी मासे चार वर्षे माझ्याकडे आहेत. मी खोलीत शिरलो की काचेपाशी धावत येतात. या घरात मला पाहून दुसरे कोणी धावत नाही. युद्ध स्वीकारले आहे.

७ जून
मत्स्य-दुकानदाराकडे गेलो. म्हणाला, काका, लाइट आठ तास, खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. तुम्ही किती देता? मी विषय बदलला. आमचा दिवा सोळा तास जळतो, कारण मी सोळा तास जागा असतो. आणि भुकेल्या जीवास चिमटीने मोजून वाढणे माझ्या संस्कारांत बसत नाही. सल्ला सादर फेटाळला.
शेवाळ खाणाऱ्या सहा गोगलगायी मात्र घेतल्या.

१२ जून
सहाही जणी काच सोडून तळाशी, मी टाकलेल्या खाद्याच्या राशीवर. श्रमप्रतिष्ठा सर्वत्रच लोपली आहे.

१४ जून
चुंबक आणला. अर्धा आत, अर्धा बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला काच घासतो. हात कोरडे, इभ्रत शाबूत. दुकानदार बजावत होता की वाळूच्या जवळ नेऊ नका. अर्धवट स्वच्छता मला मान्य नाही. थेट तळापर्यंत नेला. करकर असा ध्वनी आला. शेवाळाचा आक्रोश असावा.

१७ जून
शेवाळाची नवी प्रजाती आढळली. शुभ्रवर्णी, वक्राकार, समांतर रेषांत वाढणारी. ग्रंथांत उल्लेख नाही. तिला माझे नाव द्यावे काय, हा प्रश्न विचाराधीन. तोवर अधिक जोराने घासणे.

२१ जून
आज चाळीस मिनिटे घासली. जितकी घासावी तितकी प्रजाती फोफावते. कन्या म्हणाली, बाबा, त्या रेषा तुमच्या हाताच्या मागे मागे येतायत. निरीक्षण उत्तम. निष्कर्ष काढण्याचे तिचे वय नाही.

२६ जून
दुकानदारास घरी पाचारण केले. त्याने बाही सरसावून हात पाण्यात घातला, काचेवर आतून नख फिरवले आणि चुंबक उलटून पाहिला. मग म्हणाला, काका, हे शेवाळ नाही. चुंबकात वाळूचा खडा अडकलाय. काच खरवडलीत तुम्ही. मी विचारले, हे जाईल कधी? म्हणाला, काच बदलाल तेव्हा.
तांत्रिक मतभेद असू शकतात.

३० जून
मेहुणा टेम्पो घेऊन आला. काच पाहून म्हणाला, दाजी, हे ओरखडे पेशंटनी बघितले तर माझ्या हातावरचा विश्वास उडेल. पेटी नको. मी सौभाग्यवतीकडे विजयी मुद्रेने पाहिले. ती म्हणाली, मग मासे तरी ने. त्या धूर्ताने नवी पेटी आठवड्यापूर्वीच मांडून, खारे पाणी भरून तयार ठेवली होती. मासे व गोगलगायी बादलीतून रवाना.
पेटी मात्र मी राखली. शब्दशः पाहता मी जिंकलो आहे.

३ जुलै, सकाळी ७.१०
काचेवर शेवाळाचा अंशही नाही. पाणीही नाही. सौभाग्यवतीने विचारले, रोज इथे उभं राहून काय बघता? मी उत्तरलो, स्वच्छता. ती थोडा वेळ शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, दवाखाना दहाला उघडतो.
दंततपासणीकडे माझे अक्षम्य दुर्लक्ष झाले आहे, या निष्कर्षाप्रत मी स्वतंत्रपणे आलो. दर मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. दात एकही दुखत नाही.