ललितचा डबा

नाशिक, जून २००७

अमेरिकेतल्या कंपनीच्या साहेबांना,

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणून तर लिहितेय. तुमच्या शब्दावर माझ्या ललितने सातपूरची पक्की नोकरी सोडली. कामाचे व्हिसा मोजकेच, एप्रिल लागताच संपतात. तुम्ही अर्ज केलात मे महिन्यात! अहो, पापडसुद्धा ऊन आहे तोवरच वाळवून घ्यावे लागतात.

जुन्या कंपनीने परत घेतलं, असं ललित सांगतो. रोज डबा घेऊन निघतो. काल मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, भाजी घ्यायला गेले, तर हा भरदुपारी घाटाच्या पायरीवर एकटाच डबा खात बसलेला. मी तशीच मागे फिरले.

आज डबा हातात देताना विचारलं, "यायला उशीर होईल का रे?"

"हो आई, काम फार आहे."

ललितची आई